दाणे पाखरांचे, रात्र उंदरांची

आमच्या बारामती तालुक्याचे दैवत मोरावर बसते. साऱ्या महाराष्ट्रात गणपतीचे वाहन म्हणून उंदीरमामांचा मान. पण अष्टविनायकांत पहिला नंबर असलेल्या मोरगावी देवाने मोर पसंत केला आणि तो मयूरेश्वर झाला. बारामतीतच राहिलेल्या मोरोपंतांनी देवाला घातलेल्या सादेला 'केकावली' म्हणजे मोराच्या हाका असे नाव दिले. शेजारच्या इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला थंडीत रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसे पहाटे गाड्या काढून येतात. सांगायचे ते एवढेच की, आम्हा बारामती-इंदापूरकरांचे आणि पाखरांचे सूत जुने आहे. उंदरांशी मात्र आमचे कधी जमले नाही. गेल्या दोन वर्षांत माझ्याच दारात या दोन वाहनांची अशी काही गाठ पडली, की त्यातून शेजारधर्म, भूतदया आणि माझी स्वतःची अक्कल या तिन्हींची परीक्षा झाली. त्या परीक्षेचा हा निकाल.

मी निवृत्त शिक्षक. चौतीस वर्षे गणित शिकवले. बारामतीच्या एका वसाहतीत माझे छोटे बैठे घर आहे. भिंतीला भिंत लागून आबांचे घर. आबा ऐंशीच्या घरातले. मूळचे इंदापूर तालुक्यातले, उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावचे. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते ना, त्याच पाण्याखाली आबांचे गाव, वाडा आणि खळे आहे. १९८० साली धरण पूर्ण झाले, त्याआधीच त्यांनी गाव सोडले होते. पुढे मुलाने बारामतीत घर बांधले आणि आबा आमचे शेजारी झाले.

आबांचा नेम असा, की सकाळी आंघोळ झाली की अंगणात आणि आमच्या सामाईक भिंतीवर ज्वारी टाकायची. चिमण्या, साळुंक्या, होले, दोन-चार पोपट आणि पन्नासेक पारवे असा मेळा जमायचा. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पुन्हा एकदा दाणे. "दिस मावळताना उपाशी जाऊ ने कुनी," असे ते म्हणत. पहिली काही वर्षे आम्हालाही कौतुक होते. सकाळच्या चहाला तो किलबिलाट बरा वाटायचा. पुण्याहून नात आली, की आबांच्या मांडीवर बसून पाखरे मोजायची.

मग एके दिवशी धुण्याच्या दगडाशेजारी मातीचा ढिगारा दिसला. दुसऱ्या दिवशी तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी. आठवड्याने मोरीच्या कोपऱ्यात. घुशींनी पोखरायला सुरुवात केली होती. माळ्यावर रात्री शर्यती सुरू झाल्या. स्कूटरची वायर कुरतडली गेली, धान्याच्या पोत्याला भोके पडली, आमच्या सौभाग्यवतींच्या पैठणीच्या घडीवर लेंड्या सापडल्या. त्या दिवशी घरात जे झाले, ते मी येथे लिहीत नाही.

रात्री बॅटरी घेऊन मी भिंतीवरून डोकावलो. आबांच्या अंगणात चांदण्यात सात-आठ उंदीर निवांत दाणे टिपत होते. एक भली मोठी घूस मध्ये बसली होती, पंगतीला यजमान बसावा तशी.

सकाळी मी आबांकडे गेलो. शक्य तितक्या गोडीने विषय काढला. आबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "आवं मास्तर, पाखराच्या तोंडचा घास काढायचा व्हय? उंदराला काय, आपल्या घरात बी खायला मिळतंच की." यावर काय बोलणार? भिंतीवर चिमण्या बसल्या होत्या. त्यांच्यादेखत तर मला मी खलनायकच वाटलो.

घरी येऊन मी नगरपालिकेच्या नावे एक अर्ज लिहिला. सार्वजनिक उपद्रव, आरोग्यास धोका वगैरे शब्द घातले. पण अर्ज खणातच राहिला. माझ्या आजारपणात रात्री दीड वाजता रिक्षा शोधून आणणारा माणूस तो. त्याच्याविरुद्ध अर्ज कोणत्या हाताने देणार? मात्र अर्ज न देण्याचा मोठेपणा दाखवून मी जे केले, ते अर्जापेक्षा वाईट होते. दुकानातून उंदीर मारण्याच्या विषारी वड्या आणल्या आणि कोणालाही न सांगता रात्री भिंतीच्या कडेने, बिळांच्या तोंडाशी ठेवल्या.

या वड्यांत बहुधा ब्रोमाडिओलोन नावाचे औषध असते. ते खाल्लेला उंदीर जागीच मरत नाही. त्याच्या रक्ताची गोठण्याची शक्ती हळूहळू जाते आणि चार-सहा दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन तो मरतो. युक्ती अशी की, उंदीर मोठा संशयी प्राणी. नवी वस्तू दिसली तर बुजतो, आधी थोडेसे चाखतो. ताबडतोब पोट बिघडले तर तो पुन्हा त्या खाद्याला तोंड लावत नाही. उशिरा लागू पडणारे विष त्याला कळतच नाही. पण याच युक्तीत धोकाही आहे. चार दिवस तो विष पोटात घेऊन हिंडत असतो, दिवसेंदिवस मंद होत जातो आणि जो कोणी त्याला खाईल, त्याच्या पोटातही ते विष जाते.

पाचव्या दिवशी माळ्यावरून वास येऊ लागला. तो दहा दिवस गेला नाही. आणि त्याच सुमारास आमच्या गल्लीची मांजरी मेली. ती कोणा एकाची नव्हती. सकाळी आमच्याकडे दूध, दुपारी समोरच्या वहिनींकडे भाकरी, संध्याकाळी आबांच्या पायाशी. ती नेमकी कशाने गेली, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या गल्लीत उंदरांचे काम मनापासून करणारी ती एकटीच होती आणि माझ्या वड्यांनंतर ती गेली, एवढे मला माहीत आहे. उंदीर? पंधरा दिवस कमी झाले. महिन्याने पुन्हा पहिल्याइतकेच.

असे का होते, त्याचे गणित सोपे आहे. मादीचा गर्भकाळ तीन आठवड्यांचा, एका वेताला सहा-आठ पिल्ले आणि ती पिल्ले तीनेक महिन्यांत स्वतः वेताला तयार. तुम्ही दहा मारले तर जागा आणि अन्न उरलेल्यांना जास्त मिळते. शिवाय आमच्या गावाभोवती ऊसच ऊस. नीरेच्या डाव्या कालव्याने या भागाला साखर दिली, कारखाने दिले. पण उसाच्या फडाइतकी घुशीला आवडणारी जागा दुसरी नाही. बांधात बीळ, डोक्यावर सावली, दातांना कांडे. दिवाळीच्या सुमाराला तोड सुरू झाली, की फडातली ही मंडळी आसरा शोधत वस्तीकडे सरकतात. त्यांच्या वाटेवर कोणी रोज रात्री दाणे मांडून ठेवले असतील, तर ती पुढे कशाला जातील? म्हणजे उंदरांची संख्या विषाने ठरत नाही, ताटावरून ठरते. ताट मांडलेले असेल, तोवर पंगत उठत नाही.

आता कोणी म्हणेल, उंदीर काय, पूर्वीपासून आहेत. एवढा बाऊ कशाला? त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. आमच्या आजीच्या बोलण्यात 'उंदीर पडले' हा शब्दप्रयोग असायचा. छपरातून उंदीर मरून पडले, की घर सोडायचे आणि रानात झोपड्या बांधून राहायचे, हे तिच्या आईबापांनी केलेले. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात आलेल्या प्लेगने माणसे अक्षरशः ओस पाडली. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या, त्या प्लेगच्या एका आजारी मुलाला खांद्यावरून दवाखान्यात नेताना झालेल्या संसर्गानेच. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवून दिले, तोवर कित्येक घरांचे दिवे विझले होते. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आणि मग सुरतेत प्लेग पुन्हा निघाला. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला, लोक घरे सोडून बाहेर राहिले, घरांतले धान्य तसेच राहिले आणि उंदीर वाढले, अशी कारणमीमांसा तेव्हा झाली होती. माणूस नाही आणि धान्य उघडे, यावर उंदीर कसा वाढतो, ते पाहा. शिवाय उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस आहेच. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याचा तडाखा सोसला.

दुसरी गोष्ट माझ्या घरातलीच. गेल्या वर्षी पहिला पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडाखालच्या त्याच बिळातून नाग बाहेर आला. नात तिथून पाच हातांवर भातुकली मांडून बसली होती. आयत्या बिळात नागोबा ही म्हण मी वर्गात शंभर वेळा समजावून सांगितली असेल. तिचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. सर्पमित्र आला, त्याने नाग धरून नेला आणि जाताना म्हणाला, "सर, हा गेला. पण उंदीर आहेत तोवर दुसरा येणार." आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली. सापाला आपल्या घरात रस नसतो, आपल्या घरातल्या उंदरात असतो.

त्या संध्याकाळी मी पुन्हा आबांकडे गेलो. या वेळी आधी माझा अपराध सांगितला. वड्या मी ठेवल्या होत्या, मांजरीचे पाप बहुधा माझे आहे, हे सांगितले. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खळ्याविषयी बोलू लागले. त्यांच्या गावी खळ्यावर रास पडली, की बलुतेदारांचा वाटा काढायचा, भिक्षेकऱ्याचा काढायचा आणि खाली सांडलेले उचलायचे नाही, ते पाखरांचे. आबांचे वडील हा नेम पाळत. गाव गेले, जमीन गेली. नेम तेवढा आबांनी बरोबर आणला होता.

मी विचारले, "आबा, खळ्यावर उंदीर नव्हते का?"

"हुते की. पन कडूलिंबावर घुबाड बी हुतं. बांधाला धामन हुती. घरात चार मांजरं. आन् खळं झालं की जागा मोकळी. बारा महिनं कुठं दानं पडत्यात रानात?"

म्हणजे उत्तर आबांपाशीच होते. खळ्यावरचे दान वर्षातले काही दिवस असायचे, उघड्या रानात असायचे आणि रात्री त्यावर पहारा असायचा. गव्हाणी घुबडाचे सारे पोट उंदरांवर. धामण बिळात शिरून पिल्ले खाते. तेच दान दीड गुंठ्याच्या प्लॉटवर, फरशीवर, बाराही महिने, दिवसातून दोनदा होऊ लागले आणि घुबड, धामण, मांजर यांना मात्र आपण एकेक करून हाकलले. दाते तेच, दान तेच, जागा बदलली.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हणालो, "आबा, उद्या एक हिशेब करू." सकाळी आबांनी रोजच्याप्रमाणे दाणे टाकले, पण मोजून, एक किलो. दिवस मावळताना, पाखरे झाडांवर गेल्यावर, आम्ही दोघांनी अंगण आणि भिंत झाडली, दाणे पाखडले आणि काट्यावर ठेवले. साडेचारशे ग्रॅम. एक मोठा उंदीर रात्रीतून साधारण पंचवीस-तीस ग्रॅम खातो. साडेचारशे भागिले तीस. पंधरा.

"आबा, पंधरा उंदरांचं रात्रीचं जेवण आपण रोज वाढतोय."

आबा काट्याकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हंजी निम्मं पुन्य उंदराच्या खात्यात."

त्या दिवसापासून नवे नियम ठरले. सांगतो, कारण ते कोणालाही जमण्यासारखे आहेत. दाणे फक्त सकाळी, पाखरे तासाभरात संपवतील इतकेच. आबांचे माप किलोवरून पावकिलोवर आले. जमिनीवर न टाकता खांबावर बसवलेल्या काठाच्या पराती. खांबाला वरच्या बाजूला पत्र्याचा गुळगुळीत पट्टा, म्हणजे उंदराला चढता येत नाही. संध्याकाळचे दाणे बंद, त्याऐवजी पाण्याची परळ. आमच्याकडच्या मार्च-एप्रिलमध्ये चिमणीला दाण्यापेक्षा पाणी दुर्मीळ असते. आणि दिवस मावळायच्या आत झाडलोट. पाखरे दिवसाची, उंदीर रात्रीचे. ही वेळेची सीमा निसर्गानेच आखून दिली आहे. आपण ती झाडूने पाळायची, एवढेच.

माझ्याकडची कामे वेगळी. मोठ्या माणसाचा अंगठा जाईल एवढ्या भोकातून उंदीर सहज जातो, म्हणून सगळी भोके काचांचे तुकडे घालून सिमेंटने बुजवली. मोरीच्या तोंडाला जाळी बसवली. धान्य पोत्यातून पत्र्याच्या कोठीत गेले. मागच्या बाजूला वर्षानुवर्षे रचून ठेवलेल्या विटा आणि लाकडे हलवली; तेच तर घुशींचे माहेर होते. छपराला टेकलेल्या फांद्या छाटल्या. पिंजरे आणले, पण पहिले तीन दिवस नुसते उघडे ठेवले, आत भज्याचा तुकडा घालून. उंदराचा संशय फिटल्यावर चौथ्या दिवशी चाप लावला. आणि सर्वांत महत्त्वाचे, गल्लीतल्या नऊ घरांनी हे एकाच आठवड्यात केले. उंदराला कंपाउंडची भिंत कळत नाही. एकट्याने केलेली मोहीम म्हणजे उंदीर शेजाऱ्याकडे पाठवणे.

ज्यांना विष वापरावेच लागते, त्यांनी ते बंद पेटीत, मुलांच्या आणि जनावरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे, मेलेला उंदीर हातमोजे घालून खोल पुरावा आणि चुकून कोणाच्या पोटात गेले, तर पाकीट बरोबर घेऊनच डॉक्टरकडे धावावे. ब्रोमाडिओलोनवर 'के' जीवनसत्त्वाचा उतारा आहे. शेतात वापरतात त्या झिंक फॉस्फाइडवर तसा नेमका उतारा नाही. ते घरात आणूच नये.

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढे रण माजले, ते आपण वाचले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, लोकांनी ती फाडली. एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला फुप्फुसांचे आजार. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात २००३ मध्ये आणि व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात २००८ मध्ये कबुतरांच्या दाण्यांवर बंदी आली, तेव्हा तिथेही लोक चिडलेच. महानगरात हजारो पारव्यांचा थवा जमतो, तिथे कायद्याशिवाय गत्यंतर नसेल. त्याबद्दल मी वाद घालत नाही. पण नऊ घरांच्या गल्लीत कायदा हे शेवटचे हत्यार असावे. माझा अर्ज खणातून निघाला असता, तर आबांचे दाणे बंद झाले असते आणि आमचे बोलणेही. कदाचित उंदीर कमी झाले असते; शेजारी मात्र नक्की एक कमी झाला असता.

आणि भूतदयेविषयी थोडेसे. आपल्याकडे जेवणाआधी गोग्रास, काकबळी काढायची रीत होती. तो घास एकच असे. तो कोणाला द्यायचा, कोठे ठेवायचा, हे ठरलेले असे. दान देणाऱ्याने पाठ फिरवून चालत नाही; ते कोणाच्या मुखी पडले, हे पाहणे हाही दानाचाच भाग. आपण दाणे फेकून समाधान घरात घेऊन जातो आणि त्याचे पुढचे सगळे शेजाऱ्याच्या दारात ठेवतो. हे पाखरांच्या बाबतीत खरे आहे, तसे इतरही पुष्कळ पुण्यकर्मांच्या बाबतीत खरे असावे.

उंदीर संपले का? नाही. ते संपत नाहीत. गेल्या दिवाळीनंतर जवळचा फड तुटला, तेव्हा पुन्हा दोन बिळे दिसली. ती दोन दिवसांत बुजवली. माळ्यावरच्या शर्यती मात्र थांबल्या आहेत. पारवे निम्मे झाले, चिमण्या तेवढ्याच आहेत; पावकिलोत पहिला हक्क आता त्यांना मिळतो. समोरच्या वहिनींनी एक मांजरीचे पिल्लू आणले आहे. मी त्याला रोज दूध घालतो. त्याने ते का प्यावे, याला माझ्याकडे कारण आहे.

आणि रोज संध्याकाळी, दिवस मावळायला आला, की भिंतीपलीकडून हाक येते, "मास्तर, झाडू आना!" मग आम्ही दोन म्हातारे अंगण झाडतो. परवा उरलेले दाणे मुठीत मावले. आबांनी ते डब्यात परत टाकले आणि म्हणाले, "आज उंदीर उपाशी."